बोटं घरी ठेवून

सत्तेचाळिसाव्या वर्षी
मला पुन्हा गाठ मारायला शिकवलं
माझ्याहून अकरा वर्षांनी धाकट्या मैत्रेयी आहेरने,
मुंबई नाक्याजवळ, पाचव्या मजल्यावर,
जिथला रंगाचा वास अजून गेला नव्हता.

आधी महिनाभर नुसत्या रिंगा.
ओपीडी संपल्यावर, पडद्यावरच्या खुंट्यांवर
पडद्यावरच्या रिंगा.
यंत्र गुण द्यायचं. एकसष्ट. अठ्ठावन्न. पुन्हा एकसष्ट.
हात एकमेकांवर आपटले : तीनदा.
साधन नजरेबाहेर : सात सेकंद.
बारावीतल्या मुलाने आकडे ऐकले
आणि जन्मात पहिल्यांदा मला म्हणाला,
"होतं असं."

मग भद्रकालीतून आणलेली वजडी.
सिस्टर गांगुर्डेंनी तीन पाण्यांनी धुतली,
"कालवण झालं असतं हो," म्हणत ट्रेमध्ये मांडली.
त्या दिवशी मी अकरा धागे तोडले.
वीस वर्षं पोटात हात घालून
गाठ कुठे मऊ, कुठे दगड, हे मी बोटांनी वाचलेलं.
आणि इथे बोटांना काहीच येत नाही. निरोप नाही. पोच नाही.
"बोटं घरी ठेवून या, मॅडम," मैत्रेयी म्हणाली,
"इथे ताण बघायचा असतो.
धाग्याभोवती मांस पांढरं पडतं ना,
त्याच्या जरा आधी थांबायचं."
जरा म्हणजे किती, हे तिलाही सांगता येईना.

सासरी मोहाडीला गेले तेव्हा विरळणी चालू होती.
ठकूबाईची कात्री घडात शिरायची
आणि शेजारच्या मण्याची लवसुद्धा पुसायची नाही.
"बघताय काय, घ्या."
घेतली. तीन चांगले मणी पाडले.
ती बोलली काहीच नाही.
फक्त घड पालटून धरला,
मला मागचं दिसावं म्हणून.

शनिवारी दुपारी तालीम : रक्त फुटलंय, यंत्र सोडवा.
टेबलावर पुतळा, सिस्टरच्या हातात घड्याळ.
पहिल्यांदा दोन मिनिटं दहा सेकंद,
एक हात अडकलेला,
वॉर्डबॉय केबलमध्ये पाय गुंतून आडवा.
सातव्या शनिवारी अठ्ठेचाळीस.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा एकदा केलं.

दामोदर बेंडकुळे, सातपूरचे निवृत्त फिटर,
जठराच्या खालच्या टोकाला कॅन्सर.
सहीआधी विचारलं, "तुमची कितवी?"
"यंत्रावरची पहिली.
शेजारच्या खुर्चीवर बसतील, त्यांची दोनशेच्या पुढे."
ते पेनाचं टोपण उघडत राहिले, लावत राहिले.
"आमच्यातही नव्याला लेथवर
सहा महिने एकटं सोडत नसत."
आणि सही केली, पूर्ण नावाने.

दोन खुर्च्या, दोन भिंगं, एकच पोट.
तीन तास नीट गेले.
जठराच्या डाव्या धमनीपाशी, स्वादुपिंडाच्या काठावर,
गाठी सोडवताना लाल झिरपलं. थोडंच.
माझ्या उजव्या हाताला ते जमलं असतं,
असं उजवा हात म्हणत होता.
आणि त्या हाताचं आजवर मी ऐकत आले होते.

भिंगातून डोकं उचललं
की यंत्राचे हात आहेत तिथे थिजतात.
मी डोकं उचललं.
"तुम्ही घ्या."
तिने घेतलं. अकरा मिनिटं.
मग मान न वळवता म्हणाली, "आता परत तुम्ही."

रविवारी बसून व्हिडिओ पाहिला, दोघींनी, हळू करून.
सुई तिरकी धरली, इथे. कॅमेरा मागे राहिला, इथे.
मी लिहून घेत होते.
चित्र जिथे थिजलं होतं तिथे तिने पुन्हा थांबवलं.
मी पेन टेकवून वाट पाहिली.
"इथे काही नाही," ती म्हणाली, "हे बरोबर आहे."
वहीत ती ओळ कोरीच राहिली.

बाराव्या दिवशी बेंडकुळे टाके दाखवायला आले,
लिफ्ट बंद म्हणून पाच जिने चढून, धापा टाकत.
मी रागावले. त्यांनी ऐकून घेतलं.
मग विचारलं, "सोडतात का आता एकटं, लेथवर?"
"नाही अजून."
"बरंय," म्हणाले,
आणि सदरा खाली ओढला.